काटा कुठंय?

मुळशी तालुक्यातल्या आमच्या रिह्यात भाताची कापणी उरकली की खाचरं मोकळी पडतात. माझ्या भाच्याने त्यातल्या दोन खाचरांत टायर, पिंपं आणि जाळ्या लावून पेंटबॉल सुरू केला. शनिवार-रविवारी हिंजवडीची पोरं येतात, एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात, पिठलं-भाकरी खाऊन जातात. धंदा बरा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते गोठ्याबद्दल.

गोळी उडते ती बाटलीतल्या गॅसवर. बाटल्या भरून आणायला भोसरीकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. म्हणून त्याने सायफन नळीचं कार्बन डायऑक्साइडचं मोठं सिलिंडर आणलं, नळी आणि व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवले आणि रिकाम्या गोठ्यात भरायचं स्टेशन उभं केलं. मला कौतुकाने दाखवायला नेलं. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात 22 वर्षं मेंटेनन्सला काढलेली. विचारलं, "काटा कुठंय?" त्याने गेजच्या काट्याकडे बोट दाखवलं. मी वजनकाट्याचं विचारत होतो.

सगळी गफलत तिथेच आहे. हा गॅस बाटलीत पातळ होऊन राहतो. आत थेंबभर पातळ गॅस उरला असला तरी 20 अंशांना गेज साधारण 57 बार दाखवतं आणि बाटली काठोकाठ भरली तरी तेवढंच दाखवतं. म्हणून ही बाटली वजनावर भरतात. 20 औंसांच्या बाटलीत 567 ग्रॅम, एक ग्रॅमही वर नाही. उरलेली जागा मुद्दाम रिकामी सोडायची, कारण 31 अंशांच्या पुढे हा गॅस पातळ राहतच नाही, नुसता दाब वाढत जातो. नीट भरलेली बाटलीही 40 अंशांना शंभर बारच्या वर जाते. शंभर ग्रॅम जास्त कोंबले तर दीडशेच्या पुढे. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा.

आमच्याकडे एप्रिलमध्ये ते झालंच. अंदाजपंचे भरलेली एक बाटली दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. तिची सुरक्षा-चकती फुटली. कान बसवणारी शिट्टी, पांढरा धूर, आणि बाटली भुईवर गरगरत थेट उकिरड्यात. चकतीने आपलं काम चोख केलं म्हणून बरं. अमेरिकेत अशा बाटलीचा व्हॉल्व्ह मुळापासूनच फिरून निघाला आणि बाटली बाणासारखी सुटून माणसं दगावली आहेत. उरलेल्या बाटल्या मी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. दोन भरमसाट निघाल्या.

"मामा, एकदा झालं म्हणून रोज थोडंच होतंय?" हे त्यावर भाच्याचं. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघणाऱ्यांचा हा नातू. तोच जड गॅस बंद गोठ्यात तळाशी साचतो, हे त्याला सांगावं लागलं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1884च्या स्फोटक कायद्याखालच्या गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे भरायला परवाना लागतो आणि सिलिंडर-व्हॉल्व्ह मुख्य स्फोटक नियंत्रकांच्या मान्यतेचे असावे लागतात. नियंत्रकांचं मुख्यालय नागपूरला. ठरावीक संख्येपर्यंत सिलिंडर नुसते बाळगायला सूट आहे, तिचा अर्थ लोक भरायची सूट असा लावतात. बाटलीवर अमेरिकी शिक्का आहे, म्हणजे चालतंय, हाही तसलाच समज.

काही जण म्हणतात, साधी हवा भरा. उन्हाचा त्रास त्यात कमी, खरं आहे. पण मग दाब 200 ते 300 बारांचा. बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफलवाले आणि तारकर्लीचे पाणबुडे तेवढ्या दाबाची हवा वापरतात, पण तिथे शिकलेले हात असतात. सांध्याला तेलाचं बोट लागलं तर त्या दाबाला ते पेट घेऊ शकतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हात बसलेल्याने तिकडे जाऊ नये.

उरवडे आमच्याच तालुक्यातलं. 7 जून 2021 रोजी तिथल्या कारखान्यात आग लागून 17 जण गेले, त्यात बहुतेक बाया. तिथला प्रकार वेगळा होता, पण घटना घडल्यावर तपासणी सुरू होते हा क्रम मी तेव्हापासून ओळखतो. म्हणून आधीच मागतोय: मुळशीत पर्यटनाचं एवढं कौतुक चाललंय, तर पिरंगुटला परवाना असलेलं एक लहान भरण केंद्र काढा, जिथे वजन होईल आणि बाटलीच्या दाब-चाचणीची, म्हणजे हायड्रो टेस्टची, तारीख बघितली जाईल. नुसते छापे घालून गोठ्यातली स्टेशनं बंद होणार नाहीत. ती पुढच्या वस्तीवर सरकतील. आणि खेळायला येणाऱ्यांनो, गोळ्यांचा भाव विचारता तशी ती तारीखही विचारा.

भाच्याने स्टेशन मोडलंय. शुक्रवारी तो रिकाम्या बाटल्या डिकीत घालून भोसरीकडे निघतो आणि ऊन उतरल्यावर परततो. मोठं सिलिंडर मात्र अजून गोठ्यात उभं आहे, "विकायचंय" म्हणतो. मी रोज जाऊन त्याचा व्हॉल्व्ह हाताने चाचपून येतो.