नकार देणारी

या अंकासाठी आलेल्या प्रेमकथांतल्या बऱ्याच नायिका 'बंडखोर' आहेत. म्हणजे बुलेट चालवतात, शिव्या देतात आणि शेवटच्या पानावर नायकाच्या छातीवर डोकं टेकवून शहाण्या होतात. वाचताना जेन ऑस्टिनची एलिझाबेथ बेनेट आठवत राहिली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. आजारी बहिणीला भेटायला ही तीन मैल चिखल तुडवत जाते. परकराला लागलेला सहा इंच चिखल पाहून बड्या घरच्या बायका नाकं मुरडतात. खरं बंड पुढे आहे. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी डार्सी तिला मागणी घालतो, तीही तिच्या घराण्याचा कमीपणा ऐकवत. घरात पाच मुली, वडिलांमागे राहतं घरही दूरच्या नातलगाचं होणार. (त्या नातलगालाही हिने आधीच वाटेला लावलेलं!) तरी ती नाही म्हणते. पुढे तीही बदलते, पण त्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचून, स्वतःची चूक स्वतः ताडून. आमच्याकडच्या नायिका बहुधा नायकाच्या एका थपडेने बदलतात. त्या कथा आम्ही साभार परत केल्या. उरलेल्या सहा पुढे आहेत. वाचा आणि कळवा.