कर्नेलच्या भिंतीवरची खुंटी

माजरी जंक्शनवर उभं राहून गाडीचे डबे मोजायचा खेळ तुमच्यापैकी कुणीकुणी खेळला असेलच. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यामागे 'एल.व्ही.' अशी पाटी असते, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'. ती दिसली की स्टेशनातल्या माणसाला कळतं, गाडी पूर्ण गेली, मध्येच कुठे डबा सुटला नाही. ही पाटी लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

आमच्या शाळेत एक जुना संगणक आहे, त्यावर डेबियन लिनक्स. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. तो मूळ मजकुरासकट फुकट मिळतो, म्हणून हवा तसा घरी बांधता येतो. बांधायचं काम 'मेक' नावाचं अवजार करतं. ते कर्नेलहूनही थोरलं! १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते तयार केलं. आमचा संगणक थकलेला, म्हणून नको ते भाग वगळून मी सुट्टीत कर्नेल बांधत बसते.

अडचण एकच. आमच्या वाय-फायचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये नाही. दर वेळी नवा कर्नेल बसवला की ड्रायव्हरही नव्याने बांधायचा, आणि नेमकं तेच मी विसरायची. सोमवारी मुलं समोर बसली की इंटरनेट बंद! "बाई, काहून नाही चालत जी?" एकदा तर शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका उतरवायच्या होत्या, त्याच दिवशी. मुलं हिरमुसली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यावर उपाय म्हणजे हूक. घरी दाराजवळ खुंटी असते ना, तशी. 'मेक इन्स्टॉल' म्हटलं की शेवटी 'इन्स्टॉलकर्नेल' नावाची छोटी स्क्रिप्ट चालते. डेबियनमध्ये ती 'पोस्टइन्स्ट डॉट डी' नावाच्या फोल्डरात जाते आणि तिथे टांगलेल्या स्क्रिप्ट एकेक करून चालवते. आपणही आपली टांगायची. (हेच काम करणारं डीकेएमएस नावाचं तयार साधन आहे. पण मला स्वतः करून बघायचं होतं, खोटं कशाला सांगू!)

मी स्क्रिप्ट लिहिली, चालवायची परवानगी दिली, फोल्डरात ठेवली. कर्नेल बसवला. काहीच झालं नाही. चुकीचा संदेशही नाही. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं : फाइलच्या नावाच्या शेवटी मी 'डॉट एसएच' लावलं होतं. या फोल्डरातल्या नावांत इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढंच चालतं. टिंब दिसलं की ती फाइल मुकाट्याने वगळली जाते.

टिंब काढलं. आता स्क्रिप्ट चालली, पण वाय-फाय बंदच! कारण मी तिला 'आत्ता चालू असलेल्या कर्नेलसाठी ड्रायव्हर बांध' असं सांगितलं होतं. चालू होता जुना, बसत होता नवा. म्हणजे शर्ट शिवायचा धाकट्याला आणि माप दिलं थोरल्याचं! खरं तर नव्या कर्नेलचा क्रमांक प्रत्येक स्क्रिप्टच्या हातात आपोआप दिला जातो. तो वापरला, आणि पुढच्या सोमवारी प्रश्नपत्रिका उतरल्या.

आता ती पाटी. सगळ्या स्क्रिप्ट नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. संगणक सुरू होताना कर्नेलची जी यादी दिसते, ती तयार करणारी स्क्रिप्ट सगळ्यांत शेवटी चालायला हवी. सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचं गाठोडं तिच्याआधी बांधून झालं नसेल, तर यादीत त्याची नोंदच होत नाही आणि संगणक सुरू होताना अडकू शकतो. म्हणून तिचं नाव ठेवलंय 'झेडझेड-अपडेट-ग्रब'. दोन दोन झेड! गाडीमागची एल.व्ही.ची पाटीच जणू.

आता तुमच्यासाठी कोडं. एका फाइलचं नाव '५-' ने सुरू होतं, दुसरीचं '१०-' ने. आधी कोणती चालेल? शब्दकोशात शब्द कसे लावतात ते आठवा, घाई करू नका. उत्तर पुढच्या अंकात.