केऑस म्हणजे अंदाधुंदी नव्हे!

केऑस थिअरी म्हटलं की लोक लगेच फुलपाखरू उडवतात. हवामानाचा अंदाज चुकतो, संपला विषय! माझ्या मते हा त्या थिअरीवर अन्याय आहे. तिचा खरा उपयोग ढवळण्यात आहे.

मधासारख्या घट्ट द्रवात रंगाचा थेंब टाका आणि एकाच जागी गोल गोल ढवळत बसा. रंगाच्या रेघा होतील, पण मिसळणं जेमतेमच. १९८४ साली हसन अरेफ यांनी गणिताने दाखवलं की दोन भोवरे आळीपाळीने चालू-बंद केले, तर द्रव ताणला जातो, दुमडला जातो, पुन्हा ताणला जातो. दर घडीला थर दुप्पट, म्हणजे दहा घड्यांत १०२४! नियम दोन ओळींच्या प्रोग्रॅमइतका साधा, रँडम काहीच नाही. तरी एखादा कण कुठे पोचेल ते सांगताना नाकी नऊ येतात.

चिपवरच्या केसाएवढ्या वाहिनीत प्रवाह इतका शांत असतो की द्रव आपणहून जवळजवळ मिसळतच नाहीत. २००२ साली स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी वाहिनीच्या तळाला तिरक्या खाचा पाडून हीच युक्ती तिथे साधली.

म्हणून केऑसला 'अंदाधुंदी' म्हणू नये. अंदाधुंदीत नियमच नसतो. इथे नियम असतो, आणि तोच काम करतो. बघा पटतंय का!