माती डोंगराची, चार्जशीट गँगमनला



पावसाळा तोंडावर आला की आमच्या युनियन ऑफिसात प्रशासनाचे पेट्रोलिंगचे परिपत्रक येऊन पडते. पाऊस सुरू झाला की दुसरा कागद येतो, तो म्हणजे कुणातरी गँगमनची चार्जशीट. आता कागदोपत्री गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, नशीब बदललेले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या सेक्शनमध्ये रुळाच्या वरच्या अंगाला रस्ता रुंदीकरणाचे काम चालू होते. ठेकेदाराने मे महिन्यात सगळा उतार एकदम उघडा केला आणि मुरमाचे ढीग ओढ्याच्या काठावर लावून ठेवले. पहिल्याच मोठ्या पावसात तो मुरूम आमच्या मोरीत येऊन बसला आणि पाणी रुळावर चढले. गाडी वेळीच थांबवली ती आमच्या पेट्रोलमनने. आणि ‘मोरी साफ ठेवली नाही’ म्हणून चार्जशीट मिळाली ती आमच्याच मुकादमाला! ठेकेदाराला कुणी साधी नोटीसही दिली नाही.

ती चार्जशीट आम्ही मागे घ्यायला लावली. पण मोरीखालच्या पाणथळीत गुडघाभर गाळ भरला होता, तिकडे आम्हीही फिरकलो नाही. ‘तो आपला विषय नव्हे’ असे आम्ही समजलो. ही आमची चूक होती, आणि ती कबूल करूनच आम्ही हे लिहीत आहोत.

पाणथळ म्हणजे पडीक जागा, असा सरकारी खात्यांचा जुना समज आहे. प्रत्यक्षात ती गावाची राखीव टाकी असते. पुराचे पाणी ती पोटात घेते आणि हळूहळू सोडते. मासे तिथेच अंडी घालतात. रस्त्याची माती तिथे शिरली की जड वाळू लगेच खाली बसते, पण बारीक चिकणमाती दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहते. पाण्याखालच्या वनस्पतींना उजेड मिळत नाही, माशांचे कल्ले बुजतात. तळ उथळ होतो, आणि जे पाणी तळ्यात मावायचे ते वस्तीत शिरते.

चिपळूणकरांना हे सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहर बुडाले. वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबली आणि हजारो प्रवासी गाड्यांत अडकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चिपळूणचे नागरिक नदीतील गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले. तो सगळा गाळ रस्त्याचाच, असे आम्ही म्हणणार नाही. जंगलतोड आहे, कोसळलेल्या दरडी आहेत. पण वर्षात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात महामार्गासाठी डोंगर कापायचे आणि माती उघडी टाकायची, तर ती नदीत आणि पुढे खाडीतच जाणार. नदीतला गाळ काढायला नंतर सरकारी तिजोरी उघडते. डोंगरावर तो अडवायला मात्र पैसा नसतो.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याही घरात पाहिले पाहिजे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, आपल्या १९७४ च्या संपाचे नेते. आपल्याला अभिमान वाटला, आजही वाटतो. पण गोव्यातील लोक खाजण जमिनींसाठी आणि तळ्यांसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांना विकासाचे विरोधक ठरवले. करमळी स्टेशनाजवळ आपली लाईन तळ्याच्या काठाने जाते. तिथून जाताना आम्हाला वाटते, त्या लोकांचे म्हणणे नीट ऐकले असते तर बरे झाले असते.

यावरचा उपाय काही अवघड शास्त्र नाही. आपल्या गँगमधला मुकादमही तो सांगेल. सगळा उतार एकदम उघडा करू नये, टप्प्याटप्प्याने करावा. पावसापूर्वी खोदाई बंद करावी. वरून येणारे पाणी कॅच वॉटर ड्रेनने बाजूला काढावे. पायथ्याशी गाळ बसायला खड्डे घ्यावेत, आणि मुख्य म्हणजे ते वेळोवेळी उपसावेत. उघड्या उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरून गवत, वाळा लावावा. जाळी कुजेपर्यंत मुळे माती धरतात. हा काथ्या केरळात होतो आणि ताग बंगालच्या गिरण्यांत विणला जातो. म्हणजे कोकणातला डोंगर वाचेल आणि तिकडच्या कामगाराच्या हाताला काम मिळेल.

मग हे होत का नाही? कारण टेंडरमध्ये खोदाईचे पैसे घनमीटरवर मिळतात, गाळ अडवण्याचे काम ‘किरकोळ’ या सदरात जाते. ठेकेदार ते पहिल्यांदा गाळतो. कंत्राटी मजूर बोलला तर दुसऱ्या दिवशी कामावर नसतो. कायद्याचाही आधार तोकडा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र आणि भातशेती वगळली आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. गाळ अडवण्याचे काम टेंडरमध्ये स्वतंत्र बाब म्हणून मोजमापासह लिहावे आणि ते झाल्याशिवाय पुढचे बिल काढू नये. रुळाच्या वरच्या अंगाला रस्त्याचे काम असेल तिथे पावसापूर्वी रस्ते खाते, रेल्वे आणि युनियन यांची संयुक्त पाहणी व्हावी. बाहेरच्या मातीने मोरी तुंबली तर गँगमनला जबाबदार धरू नये. आणि तक्रार करणाऱ्या कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, संरक्षण मिळावे.

पोस्टातील बंधूंनाही आमची विनंती आहे. ग्रामीण डाक सेवक रोज त्याच वाटेने जातो. कोणत्या ओढ्याचे पाणी कधी लाल झाले, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? ते तारखेसह वहीत टिपा आणि जवळच्या रेल्वे शाखेला कळवा. पुढच्या चार्जशीटला उत्तर देताना तीच वही आम्ही साहेबांच्या टेबलावर ठेवू. आणि या खेपेला मोरीखालच्या तळ्याकडेही जाऊ.