मनोरे आठवतात, धान्यकोठ्या नाहीत

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन होते. ते व्हायलाच हवे. पण १९४३ च्या त्या गोळीबारापाशीच आमच्या इतिहासलेखकांची लेखणी का थांबते? 'आझाद दस्त्या'ने विजेचे मनोरे पाडले, हे सारेच रंगवून सांगतात. शेतकरी सावकाराच्या विळख्यातून सुटावा म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. याला आम्ही निव्वळ विसर म्हणणार नाही. इंग्रज गेले, मनोऱ्यांची गोष्ट निर्धोक झाली. कर्जाचा फास मात्र राहिला. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे आजही उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि हिशेबाअंती बहुधा देणेकरीच राहून परततात. (वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे म्हणे!)

वर्तमान आणले की इतिहासाचा प्रचार होतो, असे आमचे काही सहकारी बजावतात. मग कोठी गाळून मनोरा ठेवणाऱ्या निवडीला काय म्हणावे? आमच्या वर्गातूनही त्या वाड्यांवरची एखाद-दुसरी मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. हजेरीपटावर आम्ही फक्त 'गैरहजर' लिहितो.