हौसेचें मोल

हौसेला मोल नसतें, असें आपण सहज म्हणून जातों. घरांत कुत्र्याचें पिलूं आणण्याचा हट्ट मुलें धरतात, तेव्हां वडीलमंडळीही बहुधा हेंच वाक्य उच्चारून होकार देतात. आणि पिलूं एखाद्या स्नेह्याकडून फुकट मिळत असेल, तर विचार करण्याचें कारणच उरलें नाहीं, असें सर्वांस वाटतें. आमचें नम्र मत याच्या उलट आहे. या हौसेला मोल आहे, तें पुढें कित्येक वर्षें द्यावें लागतें, आणि ज्यानें हट्ट धरला त्याच्याऐवजीं बहुधा दुसऱ्यासच तें द्यावें लागतें.

प्रथम पैशाचीच गोष्ट घेऊं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. कुत्रें सामान्यतः दहा ते तेरा वर्षें जगतें. त्याच्या अन्नास व औषधास रोज अवघे ५० रुपये लागतात असें धरलें, तरी वर्षास १८,२५० रुपये आणि बारा वर्षांत २,१९,००० रुपये होतात. यांत अकस्मात् येणारीं दुखणीं धरलेलीं नाहींत. गोचिडींमुळें ताप येतो. मुलानें प्रेमानें चारलेला चॉकलेटचा तुकडा किंवा मूठभर मनुका कुत्र्यास विषासमान ठरूं शकतात. कित्येक शहरांत महानगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. पिलूं दीड-दोन महिन्यांचें झालें कीं लशी टोंचाव्या लागतात, आणि पिसाळण्याच्या रोगावरील लस तर पुढेंही नियमानें द्यावी लागते. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलास लस टोंचविली व तो वांचला, ही गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे आजही त्यावर खात्रीचा उपाय नाहीं. तेव्हां हा खर्च टाळतां येण्याजोगा नव्हे.

पैशाहूनही मोठा खर्च वेळेचा आहे. कुत्र्यास रोज दोन वेळां फिरवावें लागतें, न्हाऊं घालावें लागतें, त्याची घाण उचलावी लागते. पहिले पंधरा दिवस भावंडें या कामासाठीं आपसांत भांडतात. मग परीक्षा येते, पावसाळा येतो, आणि कुत्र्याची साखळी न कळत आईच्या हातीं जाते. सुट्टींत सर्व मंडळी गांवीं निघालीं, कीं कोणी तरी मागें राहावें, नाहीं तर शेजाऱ्यास गळ घालावी. आईची मोडलेली झोंप आणि हुकलेलें माहेर हीं घरखर्चाच्या कोणत्याही वहींत लिहिलीं जात नाहींत. म्हणूनच तीं कोणाच्या लक्षांत येत नाहींत.

आणि घरचीं माणसें हें मोल देईनाशीं झालीं, म्हणजे तें त्या मुक्या जिवास द्यावें लागतें. पाळलेलें कुत्रें दूरच्या रस्त्यावर सोडून येणारे लोक आहेत. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठीं १९६० सालीं झालेल्या कायद्यानें जनावरास उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा ठरविला. परंतु पहिल्या गुन्ह्यास त्या कायद्यांत ठरविलेला दंड जास्तींत जास्त ५० रुपये एवढाच होता. अशा दंडाच्या भयानें कोण थांबणार? थांबविणारें खरें बंधन आपल्या मनाचेंच असलें पाहिजे.

यावरून घरांत जनावर पाळूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या आधीं दुसऱ्या जिवाचें पाण्याचें भांडें भरणारा मुलगा पुस्तकाबाहेरचा एक मोठा धडा शिकतो. आमची सूचना इतकीच, कीं पिलूं आणण्यापूर्वीं एक महिना परीक्षा पाहावी. मुलांनीं रोज सकाळीं व संध्याकाळीं अर्धा अर्धा तास, पाऊस असो वा अभ्यास असो, रिकाम्या हातानें फेरी घालावी. पालकांनीं रोज ५० रुपये एका डब्यांत टाकावे. तीस दिवसांत एकही फेरी चुकली नाहीं व डब्यांत १,५०० रुपये पुरे भरले, तर पिलूं खुशाल आणावें. हें न जमलें, तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आपल्यास न झेपणारा जीव न आणणें, हीही त्या जिवावर केलेली दयाच होय.