टोपी क्लबची, हात पोराचा

'स्काऊट' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खाकी हाफपँट, गळ्यात स्कार्फ, शाळेच्या ग्राउंडवर शिट्टी फुंकणारे सर आणि दोरीच्या गाठी. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र स्काऊट म्हणजे पारखी. क्लबच्या पगारावर गावोगाव गाडी हाणत फिरणारा, खिशात स्टॉपवॉच आणि हातात रडार गन घेऊन शाळकरी पोरांच्या मॅचेस बघणारा माणूस. अशा माणसाने आपल्या भागातली निवडक पोरं गोळा करून जी टीम उभी केली, ती 'स्काऊट टीम'.

हायस्कूलमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने अशा टीममध्ये जावं का, हा आजचा विषय.

आता पुण्यात बसून मला ही नसती उठाठेव कशाला? तर आमचा क्लायंट अमेरिकेतला. तिकडच्या टीममध्ये आमचे एक सीनियर आहेत, मूळचे साताऱ्याचे, आता न्यू जर्सीकर. त्यांचं पोरगं पिचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. त्याला शरद ऋतूतल्या स्काऊट टीमचं बोलावणं आलं आणि स्टेटस कॉल संपता संपता त्यांनी विचारलं, "अरे, तुला काय वाटतं?" आता मराठी माणसाला मत विचारल्यावर तो गप्प बसेल का? दोन वीकेंड वाचनात घातले. त्यातून जे मत बनलं ते असं: जावं, जरूर जावं. पण तिथे आपली निवड झालीये असं समजून जाऊ नये. आपल्याला बघायला बोलावलंय, एवढंच समजून जावं. या दोन समजुतींत एका पोराच्या आयुष्याचा फरक पडू शकतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 क्लब आहेत. नवीन खेळाडू घ्यायची त्यांची मुख्य पद्धत म्हणजे 1965 पासून दरवर्षी होणारा ड्राफ्ट. क्लब ठरलेल्या क्रमाने एकेका पोराचं नाव पुकारतात. पूर्वी 40 फेऱ्या व्हायच्या, कोविडच्या वर्षी पाचच झाल्या आणि 2021 पासून 20 होतात. म्हणजे साधारण सहाशे नावं. अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल खेळणारी पोरं साडेचार लाखांच्या वर आहेत आणि त्या सहाशेतले बहुतेक तर कॉलेजचे असतात. टक्केवारी तुम्हीच काढा.

हायस्कूल संपलं की पोरगं ड्राफ्टला पात्र होतं. पण तेव्हा सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात गेलं, तर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची 21 वर्षं भरेपर्यंत त्याला पुन्हा ड्राफ्टमध्ये येता येत नाही. म्हणून सतराव्या-अठराव्या वर्षीचा निर्णय मोठा. आणि म्हणूनच क्लबना त्या वयातली पोरं जवळून बघायची असतात. शाळेच्या मॅचमध्ये समोरचा बॅटर सुमार असेल तर पिचर चांगला की बॅटर वाईट, हेच कळत नाही. स्काऊट टीममध्ये चांगली पोरं चांगल्या पोरांसमोर खेळतात. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात होणाऱ्या एरिया कोड गेम्समधल्या टीम तर क्लबचे स्काऊटच निवडतात आणि चालवतात. ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ज्युपिटरला परफेक्ट गेम नावाच्या कंपनीची मोठी टूर्नामेंट भरत आलीये. तिथे स्काऊट मंडळी गोल्फ कार्टमध्ये बसून या मैदानावरून त्या मैदानावर फिरत असतात.

पोराला मिळतं काय? क्लबची टोपी आणि जर्सी. पगार नाही, करार नाही, आणि करार नाही म्हणूनच कॉलेजात खेळायचा हक्क शाबूत राहतो. क्लबच्या नावाची टोपी घातली म्हणजे तो क्लब आपल्याला घेणार, असा अर्थ कुठेही होत नाही. ड्राफ्टमध्ये तो क्लब दुसऱ्याच कुणाला घेऊ शकतो आणि आपल्याला भलताच क्लब घेऊ शकतो. किंवा कुणीच नाही.

तरीही जावं असं का म्हणतो? कारण दिसणं महत्त्वाचं आहे. न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात मार्चमध्येही मैदानावर काकडायला होतं. कॅलिफोर्निया-टेक्सासमधली पोरं जवळजवळ वर्षभर खेळतात, इकडच्या पोरांचा सीझन चिमूटभर. याच जर्सीतल्या मिलव्हिल गावचा माइक ट्राऊट 2009 मध्ये हायस्कूलमधून 25व्या क्रमांकावर गेला आणि पुढे आपल्या पिढीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गणला गेला. गंमत म्हणजे त्याला घेणाऱ्या एंजल्स क्लबकडे त्या वर्षी 24वा क्रमांकही होता आणि तो त्यांनी रँडल ग्रिचक या दुसऱ्या हायस्कूलच्या पोरावर खर्च केला होता! कारणं काहीही असोत, मुद्दा एवढाच की ट्राऊटवर विश्वास असलेल्यांनीही त्याचं नाव दुसरं पुकारलं. पण एंजल्सच्या स्काऊटने त्याला नीट बघितलं होतं म्हणून निदान पुकारलं तरी. न दिसलेल्या पोराला ही संधीसुद्धा नसते.

दुसरा फायदा म्हणजे खरं मोजमाप. स्काऊट लोक 20 ते 80 अशी मोजपट्टी वापरतात. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. बॅटिंग, ताकद, धावणं, फिल्डिंग, थ्रो, प्रत्येकाला वेगळे मार्क. गावात आपण राजे असतो. दहा दिवस बरोबरीच्या किंवा वरचढ पोरांत खेळल्यावर आपण नक्की कुठे आहोत ते कळतं. आणि हे अठराव्या वर्षी कळलेलं बरं, पंचविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा.

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू भाग.

स्काऊट हा पोराचा कोच नसतो, काका नसतो, हितचिंतक तर नोकरीच्या व्याख्येतच बसत नाही. माणूस म्हणून तो उत्तम असेल, पण पगार क्लब देतो. त्याला शोधायचं असतं की हे पोरगं किती मार्कांचं आहे, कितीला सही करेल आणि त्यात धोका किती. स्काऊट टीममध्ये तो पोराची पिचिंग बघतो, तसंच हरल्यावर तोंड कसं करतं, बापाशी कसं बोलतं, हेही बघतो. थोडक्यात, टेक्निकल आणि एचआर राउंड एकाच मैदानावर.

आणि इथे माझा खरा आक्षेप येतो. क्लब दरवर्षी साधारण वीस पोरं घेतो. त्यातली एक-दोन जरी मोठी झाली तरी वर्ष सार्थकी लागलं. बाकीची नाही झाली तर क्लबचं फारसं बिघडत नाही, पुढच्या जुलैला नवीन वीस येतात. क्लबसाठी हा सरासरीचा खेळ आहे. पोराकडे मात्र वीस पोरं नसतात, एकच असतं, ते स्वतः. आमच्या फ्रेशर्सच्या बॅचचं एका कंपनीत हेच झालं होतं. शेकड्याने घेतलं, बेंचवर बसवलं आणि प्रोजेक्ट आले नाहीत तेव्हा निम्म्यांना नारळ. कंपनीच्या एक्सेल शीटमध्ये ती एक ओळ होती. पण आमच्याकडे निदान डिग्री होती. अठराव्या वर्षी सही केलेल्या पिचरकडे काय असतं?

"अहो, पण पहिल्या नंबरावर गेला तर?" स्टीव्ह चिलकॉट हायस्कूलमधून 1966 मध्ये पहिल्या नंबरावर गेला. ब्रायन टेलर 1991 मध्ये हायस्कूलमधूनच पहिला गेला, साडेपंधरा लाख डॉलरचा करार झाला, आणि 1993 च्या डिसेंबरात एका मारामारीत खांदा गेला. दोघेही मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळले नाहीत. उलट माइक पियाझा 1988 मध्ये 62व्या फेरीत, 1390व्या क्रमांकावर गेला आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. देशभरचे सर्वोत्तम पारखी बसूनही अंदाज इतके चुकतात. यात स्काऊट लोकांची चूक नाही, सतरा वर्षांचं पोरगं ही गोष्टच मुळी अर्धी बनलेली असते. मग त्यांच्या अंदाजावर आपण आयुष्याचा पूर्ण डाव का लावायचा?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवा. (क्रिकेटवाला रिंकू वेगळा!) 2008 मध्ये भारतात वेगाने आणि अचूक बॉल फेकायची स्पर्धा झाली, उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पायरेट्स क्लबने त्यांच्याशी करारही केला. त्यावर 2014 मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' सिनेमा आला. सिनेमा गोड आहे. पण दोघांपैकी कुणीही मेजर लीगपर्यंत पोहोचलं नाही. रडार गनला वेग दिसतो. कोपरा किती वर्षं टिकेल ते तिला दिसत नाही.

कोपराचा हा प्रश्न पिचरसाठी सगळ्यात मोठा. कोपरातला लिगामेंट बदलायच्या ऑपरेशनला 'टॉमी जॉन' म्हणतात, कारण 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा त्या नावाच्या पिचरवर केलं. आज हायस्कूलची पोरंही या टेबलावर दिसतात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये काढलेल्या नियमावलीत 17-18 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 105 पिचेस सांगितल्या आहेत, आणि वर्षातले किमान चार महिने हाताला सुट्टी. आता पोराचं कॅलेंडर बघा. वसंतात शाळा, उन्हाळ्यात ट्रॅव्हल टीम, शरदात स्काऊट टीम, हिवाळ्यात बंदिस्त हॉलमध्ये 'वेग वाढवा' क्लास. सुट्टीचे चार महिने कुठल्या कॅलेंडरमधून आणणार? डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगच्याच अहवालाने दुखापतींच्या मुळाशी जास्तीत जास्त वेगाचा हव्यास असल्याचं म्हटलं आणि त्याची सुरुवात शाळकरी वयातच होते, हेही सांगितलं. म्हणजे ज्या रडार गनसमोर पोराला उभं करायचं, तीच त्याला हाताच्या ताकदीबाहेर फेकायला लावते.

आणि सही झालीच तरी पुढे काय, तर मायनर लीग. बसचे प्रवास आणि वर्षानुवर्षांची वाट. 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला तेव्हा सगळ्यात खालच्या पायरीवरचा किमान वार्षिक पगार 4,800 डॉलरवरून 19,800 वर गेला आणि सगळ्यात वरच्या, ट्रिपल-एच्या पायरीवरचा 35,800 वर. सुधारणा मोठीच, पण अमेरिकेत त्यात काय भागतं हे ऑनसाईट जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

मग जर्सीच्या काकांना मी काय सांगितलं? तीन गोष्टी.

एक, बोलावलंय कुणी ते बघा. हल्ली पैसे घेऊन चालणाऱ्या ट्रॅव्हल क्लबनीही आपल्या एका टीमचं नाव 'स्काऊट टीम' ठेवायला सुरुवात केलीये. क्लबच्या खऱ्या स्काऊटने बोलावलं असेल तर तो कुणाचा नोकर आहे ते नावानिशी कळतं. पण बोलावण्याबरोबर काही हजार डॉलरचं बिल येत असेल, तर तिथे पोरगं खेळाडू नाही, गिऱ्हाईक आहे.

दोन, पिचेस घरी मोजा. स्काऊटला, कोचला, दोघांनाही आधीच सांगा की याचा हात उन्हाळ्यात इतका वापरला गेलाय, इतक्याच इनिंग्ज टाकेल. यावर जो तोंड वाकडं करेल त्याच्या टीममध्ये जायचं नाही.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं. सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग सुरू करण्याआधी आपण एक्झिट क्रायटेरिया लिहितो, कारण रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच सगळं ठीक दिसायला लागतं. तसंच इथे करा. पोराला समोर बसवून एका कागदावर लिहा: किती रकमेच्या खाली सही करायची नाही. कॉलेजच्या फीची तरतूद करारात लिहून मिळणार का, कारण क्लब अशी तरतूद करतात आणि ती मागावी लागते. कोपर दुखलं तर कितव्या दिवशी थांबायचं. आकडा पोराचा असू दे, त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं या थाटात तो लिहू नका. आणि तो कागद टोपी घरात यायच्या आधी लिहा. एकदा ती टोपी डोक्यावर बसली, की मग घरात पोरगं बोलत नाही, बाप बोलत नाही, टोपीच बोलते.